न्यू लिन: विटांचं गाव आणि श्वासाचा हिशेब

ऑकलंडहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकलने निघालं की ॲव्हनडेल मागे पडल्यावर गाडी हळूहळू जमिनीच्या पातळीखाली उतरते आणि खंदकासारख्या खोल स्टेशनात थांबते. हे न्यू लिन. पूर्वी इथे रूळ रस्त्याच्याच पातळीवर होते आणि फाटक पडलं की आसपासची सगळी वाहतूक खोळंबायची. २०१० साली रूळ खाली नेले, वर बसस्थानक आलं, आणि गावाचा चेहराच बदलला. सरकत्या जिन्याने वर आलं की समोर उंच इमारती, चिनी उपाहारगृहं, कोरियन बेकरी, आणि थोडं चाललं की आपलं तूरडाळ-पोहे-गोडा मसाल्याचं दुकान. मायदेशातून नव्याने आलेल्या कितीतरी कुटुंबांचा ऑकलंडमधला पहिला पत्ता या भागातला असतो. भाडं त्यातल्या त्यात परवडतं, गाडी दाराशी आहे आणि संध्याकाळी बाकावर बसलं तर कानावर दोन-तीन भारतीय भाषा पडतात.

गावाला नाव मिळालं ते इंग्लंडच्या नॉर्फोकमधल्या किंग्ज लिनवरून, पण मोठं केलं ते इथल्या मातीने. फाऊ नदीच्या काठची चिकणमाती विटांना उत्तम. त्यामुळे इथे वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, मग मातीचे पाइप झाले, आणि पुढे क्राउन लिन हा चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा कारखाना. न्यूझीलंडच्या रेल्वेत ज्या जाडजूड पांढऱ्या कपांतून चहा मिळायचा, ते कप इथले. आपल्याकडे पितळी डब्यांवर नाव कोरलेलं असतं तसं जुन्या किवी घरांतल्या बश्या उलट्या केल्या की क्राउन लिनचा शिक्का दिसतो. कारखाना १९८९ मध्ये बंद पडला. अँब्रिको प्लेस या गल्लीत जुनी भट्टी जपून ठेवली आहे आणि शेजारी 'ते तोई उकू' हे छोटं संग्रहालय आहे. पाहुणे आले की स्काय टॉवर सगळेच दाखवतात. पुढच्या वेळी त्यांना इथे आणून पाहा, विशेषतः आजीला. बरण्या आणि कपबश्या पाहताना तिचा तास कसा जातो कळत नाही.

जवळच पोर्टेज रोड आहे. या नावामागे फार जुनी वाट आहे. एका बाजूला फाऊ नदी वाइतेमाता बंदराकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला मानुकाऊ बंदर. दोन समुद्रांच्या मधला हा जमिनीचा चिंचोळा पट्टा. माओरी लोक इथून आपल्या वाका, म्हणजे होड्या, जमिनीवरून ओढत पलीकडे नेत. समुद्रातून वळसा घालायचा तर पार बेटाच्या टोकाला जाऊन यावं लागलं असतं. होडी ओढणं एकट्याचं काम नाही. जे जवळ असतील त्यांनी हात लावायचा, असाच तो रस्ता चालला असणार.

हात लावण्याची गोष्ट न्यू लिनमध्ये अलीकडेही घडली. लिनमॉल हे १९६३ साली उघडलेलं, अमेरिकन धर्तीचं या देशातलं पहिलं मॉल. ३ सप्टेंबर २०२१ रोजी, लॉकडाउन चालू असताना, तिथल्या सुपरमार्केटमध्ये एका माणसाने खरेदीला आलेल्यांवर चाकूहल्ला केला. पोलिसांनी त्याला तिथेच गोळी घातली. अनेक जण जखमी झाले होते. त्या वेळी दुकानातल्या साध्या माणसांनी शेल्फवरचे टॉवेल आणि बाळांचे डायपर जखमांवर दाबून धरले. त्यांतले बहुतेक जण काही डॉक्टर नव्हते. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं नेहमीच जवळ उभ्या असलेल्या माणसाची असतात, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं.

रक्त वाहताना दिसलं की हात आपोआप पुढे होतो. पण एक संकट असं आहे की त्यात काहीच दिसत नाही. माणूस शांत झोपलेला वाटतो, थोडा घोरतोही. घरातले दिवा मालवून दार ओढून घेतात. ते संकट म्हणजे अफूच्या कुळातल्या औषधांची मात्रा जास्त होणं. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्यातल्या किती घरांत अशी औषधं आहेत याची यादी केली तर वाटणार नाही.

अफूच्या कुळात मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन आणि हेरॉइन हे सगळे येतात. आपल्या पिढीला हेरॉइन ठाऊक आहे ते 'गर्द' या नावाने. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राउन शुगर पसरली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि 'गर्द' हे पुस्तक घराघरांत गेलं. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुक्तांगणने महाराष्ट्राला शिकवलं की व्यसन हा आजार आहे. पण आपल्या मनात एक समजूत मात्र राहूनच गेली: ही भानगड वाया गेलेल्या मुलांची, आपल्या घराचा त्याच्याशी संबंध नाही.

न्यूझीलंडमधली परिस्थिती त्या समजुतीला धरून नाही. इथल्या ड्रग फाउंडेशनच्या अहवालांनुसार या पन्नासेक लाखांच्या देशात अमली पदार्थांच्या किंवा औषधांच्या अपघाती अतिमात्रेने आठवड्याला सरासरी तीन माणसं जातात. त्यात अफूवर्गीय औषधांचा वाटा मोठा आहे, आणि ती बहुतेक गल्लीत विकली जाणारी पुडी नसून मॉर्फिन, मेथाडोन, कोडीन अशी दवाखान्यातून येणारी औषधं असतात. म्हणजे ती आपल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यातही असू शकतात.

आता न्यू लिनमधल्याच एका घराबद्दल सांगते. कुटुंब ओळखीचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नावं सोडून.

घरात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मुलाचे आईवडील. बाबांचा कर्करोग हाडांत उतरलेला. वेदना असह्य होत्या म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या संथपणे सुटणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. त्या दिवसातून दोनदा घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्यावर बाबा कित्येक महिन्यांनी बसून जेवले, नातवाबरोबर पत्ते खेळले. गोळ्या घराला वरदान ठरल्या होत्या. मग एका आठवड्यात घरात सगळ्यांनाच जुलाब-उलट्यांची साथ लागली. मुलं दोन दिवसांत बरी झाली. बाबांनी तीन दिवस जेमतेम चमचाभर पाणी घेतलं, पण गोळ्या मात्र आईंनी वेळच्या वेळी दिल्या, कारण त्या चुकवायच्या नाहीत असं सांगितलेलं होतं.

इथे शरीरात काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. मॉर्फिनचं यकृतात रूपांतर होतं आणि त्यातून तयार झालेले घटक मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. त्यांतला एक घटक मॉर्फिनसारखाच जोरकस असतो. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं आणि हे घटक साचत जातात. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तातला परिणाम वाढत गेलेला. कोणी काही चुकीचं केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा गाढ झोपले. आई म्हणाल्या, "किती दिवसांनी डोळा लागलाय, झोपू दे त्यांना." सूनबाईंना मात्र घोरण्याचा आवाज वेगळा वाटला. खोल, मध्येच अडकणारा, गुरगुरल्यासारखा, आणि दोन घोरण्यांच्या मध्ये लांब शांतता. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळलं. बाबा फक्त कण्हले. ओठ राखाडी पडले होते. मोबाइलवर मिनिट लावून मोजलं तर श्वास सहाच भरले. निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

बेशुद्धी, मंद श्वास आणि बारीक झालेल्या बाहुल्या. अफूवर्गीय औषधाची मात्रा जास्त झाल्याच्या या तीन खुणा आहेत. ही औषधं मेंदूतल्या ज्या जागांवर बसून वेदना थांबवतात, तशाच जागा मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्रातही असतात. औषध जास्त झालं की ते केंद्र झोपी जातं. 'श्वास घे' असा निरोपच शरीराला मिळत नाही. हृदय बराच वेळ चालू असतं, पण प्राणवायू कमी पडत गेला की काही मिनिटांत मेंदूला इजा होते आणि शेवटी हृदयही थांबतं. म्हणजे माणूस जातो तो श्वास थांबल्यामुळे, आणि म्हणूनच वेळेवर श्वास दिला तर तो परतही येतो.

सूनबाईंनी फोन उचलला तेव्हा घरात क्षणभर चर्चा झाली. पोलीस येतील का? मॉर्फिन आहे म्हटल्यावर काय समजतील? शेजारी काय म्हणतील? मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू या का? सूनबाई थांबल्या नाहीत. त्यांनी १११ लावला.

या १११ ची जन्मकथा मोठी गमतीची आहे. हा क्रमांक पहिल्यांदा सुरू झाला तो सप्टेंबर १९५८ मध्ये, मास्टरटन आणि कार्टरटन या वेलिंग्टनच्या ईशान्येकडच्या दोन छोट्या गावांत. ब्रिटनमध्ये ९९९ होता आणि यंत्रसामग्री तिकडचीच होती. पण न्यूझीलंडच्या टेलिफोनच्या तबकडीवर आकडे उलट क्रमाने होते. इथे १ फिरवला की एक्स्चेंजला नऊ ठोके जायचे. त्यामुळे इथला १११ म्हणजे यंत्राच्या भाषेत ९९९ च. आपल्या महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ साली आली. ज्यांचे आईवडील तिकडे १०८ च्या सवयीचे आहेत, त्यांना इथे आल्या दिवशी १११ पाठ करून घ्यायला हवा. फ्रिजवर घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला तर आणखी चांगलं, कारण घाबरल्यावर युनिट नंबर आणि रस्त्याचं नाव हमखास आठवत नाही.

पलीकडून पहिला प्रश्न येतो: फायर, ॲम्ब्युलन्स की पोलीस? 'ॲम्ब्युलन्स' म्हटलं की फोन रुग्णवाहिका सेवेकडे जातो. ऑकलंडमध्ये ती हातो होने सेंट जॉनची. पुढचे प्रश्न ठरलेले: पत्ता, माणूस शुद्धीत आहे का, श्वास घेतो आहे का. सूनबाईंना सांगितलं गेलं की त्यांना पाठीवर सपाट झोपवा, उशी काढा, कपाळावर हात ठेवून डोकं मागे करा आणि हनुवटी वर उचला. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून वाट अडवते. डोकं मागे केलं की ती वाट मोकळी होते. मग प्रत्येक श्वासाला 'नाऊ' म्हणायला सांगितलं. फोनवरची व्यक्ती त्यावरून श्वासांमधलं अंतर मोजत होती. श्वास थांबला तर छाती दाबायला कशी सुरुवात करायची तेही आधीच सांगून ठेवलं. फोन एकदाही ठेवला गेला नाही. आई पायाशी बसून रामरक्षा म्हणत होत्या. नातू दार उघडं ठेवून रस्त्यावर उभा होता, गाडीला हात दाखवायला.

रुग्णवाहिकेतले पॅरामेडिक आत आले आणि त्यांनी सगळ्यात आधी श्वासाकडे पाहिलं. तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास दिले, प्राणवायू लावला. रंग थोडा परत आल्यावर शिरेतून नॅलॉक्सोन दिलं, तेही एकदम न देता थोडं थोडं.

नॅलॉक्सोन हा या गोष्टीतला नायक. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेन्स्टाइन या संशोधकांनी १९६१ मध्ये ते तयार केलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसतं, अफूवर्गीय औषधाला तिथून हुसकावतं, आणि स्वतः मात्र कोणताच परिणाम करत नाही. रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा तसं. शिरेतून दिलं तर मिनिट-दोन मिनिटांत, दंडात किंवा मांडीत टोचलं तर दोन ते पाच मिनिटांत गुण येतो. नाकात मारायचा फवाराही मिळतो, त्याला सुई लागत नाही. चुकून अफूवर्गीय औषध न घेतलेल्या माणसाला दिलं तरी अपाय नाही. दारू किंवा झोपेच्या इतर गोळ्यांवर मात्र ते चालत नाही.

थोडं थोडं का द्यायचं? एकदम भरपूर दिलं तर वेदनाशमनाचा परिणाम एका झटक्यात जातो. कर्करोगाच्या रुग्णाला त्या यातना सोसवत नाहीत, आणि ज्याला औषधाची सवय लागलेली आहे तो थरथर, उलट्या, तगमग यांनी बेजार होतो. म्हणून जाणकार हात एवढंच पाहतात की श्वास नीट चालू झाला. बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "चहा झाला का?" आईंच्या डोळ्यांना तेव्हा धार लागली.

जागे झाले म्हणून त्यांना घरी ठेवलं नाही. आपल्याकडे "आता बरे आहेत, कशाला हॉस्पिटल" म्हणण्याची सवय आहे, आणि खरा धोका तिथे आहे. नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. संथपणे सुटणारी मॉर्फिनची गोळी बारा तास काम करते. नॅलॉक्सोन ओसरलं की मॉर्फिन पुन्हा त्या जागांवर बसतं आणि माणूस दुसऱ्यांदा श्वास हरवतो, या वेळी बहुधा कोणी जवळ नसताना. रुग्णालयात बाबांना नॅलॉक्सोन ठिबकावाटे चालू ठेवलं, सलाइन दिलं, मूत्रपिंडाची तपासणी केली, रात्रभर श्वास आणि प्राणवायूवर लक्ष ठेवलं. ज्या गोळ्यांत कोडीनबरोबर पॅरासिटामॉल असतं त्या जास्त घेतल्या गेल्या असतील तर रक्तातलं पॅरासिटामॉलही मोजतात, कारण ते यकृताला दोन-तीन दिवसांनी दगा देतं आणि त्यावरचा उतारा वेगळा आहे. बाबांच्या बाबतीत ती गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, मूत्रपिंडावर कमी भार टाकणाऱ्या दुसऱ्या औषधासह.

पुण्याहून फोन आले, "ते मॉर्फिन आधी बंद करा." या भीतीलाही इतिहास आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नियम इतके कडक झाले की खरोखर कळवळणाऱ्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली. तोवर एका पिढीने ऐकलं होतं की मॉर्फिन म्हणजे शेवट. सूनबाईंनी सगळ्या नातेवाइकांना एकच उत्तर दिलं: औषध बंद करायचं नाही, पण उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं, झोप वाढली की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. घरात आता नॅलॉक्सोनही आहे आणि ते कुठे ठेवलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याची मात्रा जास्त होते तो स्वतःला फवारा मारू शकत नाही, म्हणून हे औषध नेहमी घरातल्या दुसऱ्यांसाठी असतं.

ही झाली वडीलधाऱ्यांची बाजू. दुसरी बाजू तरुणांची आहे आणि त्यासाठी पुन्हा मास्टरटनकडे जावं लागतं. ज्या वाइरारापा भागात १११ जन्मला, तिथेच जून २०२२ मध्ये दोन दिवसांत बारा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांनी घेतलेली पांढरी पूड त्यांना वेगळ्याच नशेची वाटली होती. निघालं फेंटानिल, मॉर्फिनच्या कित्येक पट जोरकस. ज्यांना अफूवर्गीय औषधाची सवय नाही त्यांचा श्वास त्याच्या कणाएवढ्या मात्रेनेही थांबू शकतो. देशभर इशारा गेला. आपली मुलं उन्हाळ्यात संगीत महोत्सवांना जातात, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतात. ती काही घेत नसतील, पण शेजारच्या खोलीतला मित्र घेत असेल, आणि त्या वेळी फोन त्यांनाच करायचा असेल.

या बाबतीत हा छोटा देश पुष्कळ पुढे आहे. एड्सचं सावट आलं तेव्हा न्यूझीलंडने १९८७ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी देशभर सुया बदलून देण्याची सरकारी योजना सुरू केली. असं करणारा हा जगातला पहिला देश. अमली पदार्थ तपासून देण्याची मोफत सेवा २०२० मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये कायमची कायदेशीर झाली. पूड नेऊन दिली तर त्यात काय आहे ते सांगतात, नाव विचारत नाहीत. आपल्या संस्कारांना हे विचित्र वाटतं. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सरकारच सोय करतं?" मग थोडा विचार करून स्वतःच म्हणाल्या, "पोरगं जिवंत राहिलं तर उद्या सुधारेल तरी." मुक्तांगणच्या पायरीपर्यंत पोचायलाही आधी जिवंत असावं लागतं. ज्यांना सवय सोडायची आहे त्यांच्यासाठी ऑकलंडमध्ये मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं स्थिर ठेवणारे उपचार आहेत.

आता लिनमॉलला खरेदीला गेलात की वाटेत फार्मसीत डोकवा. १ विचारण्यासारखी गोष्ट: घरातल्या कुणाला रोज अफूवर्गीय औषध चालू असेल तर नॅलॉक्सोन कसं मिळेल. काही फार्मसींत आणि सुया बदलून देणाऱ्या केंद्रांत ते असतं, तुमचे डॉक्टरही लिहून देऊ शकतात. दुसरी गोष्ट: उरलेल्या गोळ्या आणि पट्ट्या परत घेता का. फार्मसी त्या घेतात. फेंटानिलची वापरलेली पट्टीसुद्धा रिकामी नसते. रांगणाऱ्या मुलाच्या अंगाला ती चिकटली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती आतल्या बाजूने दुमडूनच ठेवायची. पट्टी लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवीही ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात जातं, आणि आपल्या आज्यांचा त्या पिशवीवर किती जीव असतो ते आपण जाणतोच.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेकडेही पाहा. तिकडे सहज मिळणारं ट्रॅमाडॉल आणि कोडीनचं खोकल्याचं औषध इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कोडीनची चिठ्ठीविना विक्री इथे नोव्हेंबर २०२० पासून बंद झाली. नियंत्रित औषधं येताना महिन्याभरापुरतीच, चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणायची आणि विमानतळावर जाहीर करायची. काका-मावशी एकमेकांना "ही घे, माझी गुडघ्याची गोळी फार छान आहे" म्हणून देतात, ते थांबवायला हवं. एकाची नेहमीची मात्रा दुसऱ्याला अतिमात्रा होते, आणि सोबत झोपेची गोळी किंवा दोन पेग असतील तर आणखीच. पाहुण्यांच्या विम्याची आणि बिलाची काळजीही खरी आहे, पण ती श्वास परत आल्यावर करायची. बिलाचा विचार करत १११ लांबवू नका.

आणि प्रसंग आलाच तर हे लक्षात ठेवा. मोठ्याने हाक मारा, छातीच्या हाडावर चोळा. उठत नाही आणि श्वास मंद किंवा गुरगुरता आहे, तर १११ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही, म्हणून ओठ, हिरड्या आणि नखं पाहा. नॅलॉक्सोन असेल तर द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा द्या. श्वास थांबला तर फोनवर सांगतील तशी छाती दाबायला आणि श्वास द्यायला लागा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. तोंडात लिंबूपाणी, ताक, कॉफी काहीही ओतू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, गार पाण्याखाली धरू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. काय घेतलं होतं ते पॅरामेडिकना खरं सांगा, गोळ्यांचं पाकीट हातात द्या. आणि जागं झालं तरी एकटं सोडू नका.

माणूस शुद्धीत आहे, पण काही चुकून घेतलं गेलंय अशी शंका असेल तर पॉइझन्स सेंटरचा मोफत क्रमांक ०८०० ७६४ ७६६. दारू किंवा अमली पदार्थांच्या सवयीबद्दल कुणाशी तरी बोलायचं असेल तर ०८०० ७८७ ७९७. दोन्ही क्रमांक फ्रिजवर, पत्त्याच्या चिठ्ठीखाली लिहायला जागा आहे.

दिवाळीच्या आधी आपण घरातले माळे, कपाटं, कोपरे साफ करतो. या वर्षी औषधांचा डबाही खाली काढा. तारखा उलटलेल्या गोळ्या, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेनंतर उरलेली पाकिटं, गेल्या हिवाळ्यात आजोबा विसरून गेलेली बाटली, सगळं पिशवीत भरा आणि तूरडाळ आणायला जाताना फार्मसीत देऊन या. अर्ध्या तासाचं काम आहे.